डागलेला नंबर

"नव्या टायरला कशाला डागतोस रे?" मालक ओरडला.

टायरवाल्याच्या दुकानासमोर मी तापलेली सळई घेऊन माझ्या ट्रकच्या पुढच्या चाकाशी बसलो होतो. टायर चोरीला जाऊ नये म्हणून त्याच्या बाजूवर गाडीचा नंबर डागायची आमची जुनी पद्धत. एरवी मालकच त्यासाठी मागे लागायचा. आज मात्र त्याला घाई होती. नारळ फुटला होता, माल भरला होता, घाट उतरायचा होता.

टायरची नक्षी कोरी करकरीत. पण बाजूला एके जागी रबर घासून गुळगुळीत केलेलं बोटाला लागलं. मी तिथे खडू चोळला आणि हात फिरवला. बुजलेल्या खाचांत पांढरे आकडे उठले. चार, चार, एक, आठ.

हा नंबर मीच डागला होता. मालकाची ती गाडी गेल्या वर्षी याच घाटात टायर फुटून दरीत गेली, माझ्या साडूला घेऊन. तिच्याच उरलेल्या टायरांवर नवं रबर चढवून या माणसाने ते माझ्या गाडीला लावले होते.

"नवेच आहेत ना, मालक?"

"देवाशप्पथ! पावती दाखवू?"

"पावती ठेवा खिशात. शेजारी बसा. पहिल्या खेपेला घाट दोघं मिळून उतरू."

मालकाने ते आकडे पाहिले. टायरवाल्याकडे वळून पुटपुटला, "पुढची दोन्ही चाकं बदल रे." मग माझ्यावर खेकसला, "झालं समाधान?"

मी खडू घेऊन मागच्या आठ चाकांकडे निघालो.