देवीच्या वॉर्डातला ब्रदर

पाच वाजून गेले तरी कुंपणापलीकडे कोणी आलं नाही, तेव्हा सात वर्षांच्या चारुशीलेने आजीचा पदर घट्ट धरला.

तिचे बाबा, गिरिधर, देवीच्या रोग्यांच्या वॉर्डात ब्रदर होते, रोग्यांची शुश्रूषा करायचे. नागपुरात साथ पसरली आणि शहराबाहेरच्या त्या वॉर्डातून कोणी घरी जायचं नाही, असा हुकूम निघाला. मग आजी कौसल्याबाई आणि नात रोज इंदोऱ्याहून डबा घेऊन चालत यायच्या. डबा कुंपणापाशी दगडावर ठेवायचा आणि वीस पावलं मागे सरायचं. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, अंगात पायघोळ पांढरा झगा अशा अवतारात बाबा यायचे आणि ओरडायचे, "शीले, वेण्या दाखव!" आई गेल्यापासून तिच्या वेण्या तेच घालायचे, बँडेज बांधावं तशा घट्ट. आता आजीने घातलेल्या ढिल्या वेण्या पाहून हसायचे.

"बाबा काहून नाही आले वं, आजी?"

"कामात असन," कौसल्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही कोणी आलं नाही. लस टोचून घेतलेल्यालाही देवी गाठते, असं शेजारच्या इंदूबाई बोलून गेल्या होत्या. लोकांच्या जिभेला हाड नसतं, पण पोरीच्या घशाखाली घास उतरेना. तिसऱ्या दिवशी आजीने तिला घरीच ठेवलं. एकटीच गेली, आणि परत आल्यावर कितीतरी वेळ चुलीपाशी बसून राहिली.

"बाबा भेटले?"

"उद्या तू बी चाल," आजी म्हणाली.

आणि चौथ्या दिवशी ते आले! जरा लांब, चिंचेखाली उभे राहिले. हाक नाही, नुसता हात वर केला. चारुशीला आनंदाने रडलीच.

"बोलत काहून नाही?"

"घसा बसला त्याचा."

त्या दिवसापासून एक नवल झालं. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारी आजी वाटेने बाबांच्याच गोष्टी सांगू लागली. लहानपणी कुत्र्याचा मोडका पाय कसा बांधला, शिकण्यासाठी किती उपास काढले, धम्मदीक्षेच्या गर्दीत तान्ह्या लेकीला छातीशी धरून दिवसभर कसे उभे राहिले. पोर कान देऊन ऐकायची, पण भीती काही जायची नाही. उद्या हात वर झाला नाही तर? चिंच दिसेपर्यंत ती आजीचा पदर सोडत नसे.

दीड महिन्याने साथ ओसरली. वॉर्डाचं फाटक उघडलं. चारुशीला धावत सुटली आणि त्या पांढऱ्या झग्याला बिलगली. ते मटकन खाली बसले आणि तिला धरून हमसून हमसून रडू लागले.

कौसल्याबाई मागून पोचल्या. त्यांनी हात जोडले.

"माझा गिरिधर गेल्यावर दीड महिना तुम्ही रोज त्याच्या जागेवर उभे राहिले, भाऊ," त्या म्हणाल्या. "नाव तरी सांगा."