फोटोतला मासा

दिवाणखान्यात बाबांचा तरुणपणीचा फोटो होता. हातात माणसाएवढा समुद्री मासा आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. शेजारी खुंट्यांवर गळाची जुनी बांबूची काठी. चाळीस वर्षं आल्यागेल्याला बाबा त्या माशाचा किस्सा तिखटमीठ लावून ऐकवत आले होते. काठीचं दोरी गुंडाळायचं पितळी रीळ पार जाम झालं, तेव्हा लेक ते दुरुस्तीला घेऊन गेली.

कारागिराने रीळ साफ केलं आणि तो ते कौतुकाने हातात फिरवत राहिला. "अशी रिळं आता कोण घडवतंय! मूठसुद्धा मुद्दाम डावीकडे बसवून घेतलीय. वडील डावखुरे का?"

"नाही," लेक म्हणाली.

घरी आई डाव्या हाताने कांदा चिरत होती. लेकीने रीळ पुढे केलं. आईने हात पुसले आणि मूठ अशी काही गरकन फिरवली, की सगळं घर त्या करकरीने भरून गेलं. बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर आणखी वर धरलं.

"आई, मग फोटोत बाबा कसे?"

"फोटो कुणीतरी काढायला हवा होता ना! कॅमेरा यांना काही केल्या जमेना. म्हटलं, मासा तरी धरा."