टेबल कोणी पुसलं?

कॉलेजच्या डेटाबेसमधलं एखादं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, दर महिन्याला कोणीतरी चुकून उडवायचं आणि ते परत आणण्यात डेटाबेस सांभाळणाऱ्या मृणाल केसकरचा रविवार जायचा. शेवटी वैतागून तिने एक ट्रिगर, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. कोणी टेबल पुसायला गेलं, की डेटाबेसनेच त्याला अडवायचं आणि प्राचार्यांना परस्पर मेसेज धाडायचा.

ट्रिगर सकाळी सुरू केला आणि त्याच दुपारी प्राचार्यांनी तिला बोलावलं. स्वारी खुशीत होती.

“सापडला चोर! कोणी ‘ॲडमिन’ आहे. अकरा वाजता टेबल पुसत होता.”

चाचणीसाठी केलेलं टेबल अकरा वाजता मृणालच साफ करायला गेली होती.

“सर, ॲडमिन म्हणजे...”

“लॅबमधला धुमाळच असणार! आजच मेमो काढतो.”

धुमाळकाकांचा संगणकाशी संबंध फडकं मारण्यापुरता. मृणालने सांगून टाकलं. “सर, ॲडमिन मीच आहे.”

सरांनी मेमोचा कागद बाजूला सारला. “तरी चौकशी करावीच लागेल,” ते म्हणाले. “समितीवर डेटाबेसमधलं कळणारं माणूस हवं.” आणि त्यांनी अध्यक्ष म्हणून तिचंच नाव लिहिलं.