पाचशे पासष्ट साखळ्या

“साखळी ताठ धरा, भाऊजी. लक्ष कुठंय तुमचं?”

“धरलीय. तू खुंटी ठोक.”

मेहुणीने खुंटी ठोकली आणि वहीत रेघ मारली. “चारशे बारा.”

तीन दिवस तो आणि मेहुणी रस्ता मोजत होते. शोधकमंडळाच्या उंबऱ्यापासून काळ्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मंडळाची सगळी मापं त्या उंबऱ्यापासूनच सुरू व्हायची. ड्रॅगनची गुहा किती लांब, बोलक्या झाडांचं रान किती लांब, सगळं तिथून. जगात एक वस्तू तरी जागेवर पक्की हवी, असं पहिल्या अध्यक्षांनी सांगून ठेवलं होतं.

डोंगराचं अंतर पहिल्यांदा त्यांनीच मोजलं, चाळीस वर्षांपूर्वी. सहाशे साखळ्या. पाच वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने मोजलं, तर पाचशे पासष्ट भरल्या. बायको सातव्या पायरीची शोधक होती, पण म्हणून थेट पहिल्या अध्यक्षांची चूक काढायची? चौकशी बसली. तिने लोखंडी साखळीऐवजी तेवढ्याच लांबीचा दोर नेला होता, उचलायला हलका म्हणून. दोर नवऱ्याने वळलेला. त्याचा धंदाच तो. मंडळाने निकाल दिला की दोर ताणला जाऊन लांब झाला, म्हणून माप कमी भरलं. सदस्यांच्या यादीतलं तिचं नाव खोडलं.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली होती, “तुमचा दोर चांगला होता हो.” गेल्या हिवाळ्यात ती गेली. नाव खोडलेलंच राहिलं.

मंडळाचा नियम असा, की दुसऱ्या कोणाचं माप जुळलं तर खोडलेलं नाव परत लिहायचं. म्हणून तो मंडळाची लोखंडी साखळी मागून घेऊन आला होता. लोखंड काही ताणलं जात नाही. साक्षीला एक सदस्य लागतो, म्हणून मेहुणी आली. ती पाचव्या पायरीची, उडत्या सापांच्या अंड्यांची अभ्यासक. बहिणीसारखीच हुशार आणि तोंडाने तिच्यापेक्षा तिखट.

“उद्या हादरा आहे,” ती म्हणाली. “दुपारी वेस बंद होईल. तुम्ही प्रत्येक साखळी दोन-दोनदा ताणत बसलात तर आपण राहू बाहेर.”

“राहू.”

“राहू काय राहू! डोंगर कूस बदलतो तेव्हा हादरा येतो, असं मंडळ म्हणतं. आणि आपण त्याच्याच कुशीत निजायचं? मला अजून सहावी पायरी चढायचीय.”

हादरा दर वर्षी एकदाच यायचा, ठरलेल्या दिवशी. लोक आदल्या रात्री फळ्यांवरची भांडी उतरवून ठेवायचे आणि दुपारपासून दारं-खिडक्या लावून बसायचे. बाहेर फिरकायची कोणाची छाती नव्हती, आणि मंडळाची परवानगीही नव्हती.

“आणि एक लिहून घे,” तो म्हणाला. “वेशीबाहेरचा पहिला मैलाचा दगड सापडला नाही.”

“नेला असेल कोणीतरी घराच्या पायात घालायला. लोक काहीही चोरतात.”

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा साखळीचं टोक डोंगराच्या काळ्या कातळाला टेकलं. मेहुणीने रेघा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

“किती?” त्याने विचारलं.

“पाचशे साठ.”

“पासष्ट असेल. नीट बघ.”

“साठच आहेत, भाऊजी. दोनदा मोजल्या.”

तो खाली बसला. सहाशे नाही, पाचशे पासष्टही नाही. माप जुळलं नाही, म्हणजे नाव परत येणार नाही.

“ताईचंही चुकलं असेल थोडं,” मेहुणी हळू आवाजात म्हणाली. “माणूसच होती ती.”

“ती पाच साखळ्या चुकणारी नव्हती. भाकरीला मीठ घालतानासुद्धा मोजून घालायची.” त्याने कातळावर हात ठेवला. “हा डोंगरच सरकत असेल तर?”

पायथ्याशी एक मेंढ्या राखणारी म्हातारी दगडी खोपटात राहायची. तिच्या खोपटाची मागची भिंत डोंगराच्या कातळाला चिकटलेली होती.

“मावशी, हा डोंगर हलतो का?” त्याने विचारलं.

म्हातारी खो-खो हसली. “माझ्या आज्याने ही भिंत कातळाला टेकवून बांधली. आत बोट घालून बघ, शिरतं का. डोंगर कशाला हलतोय बाबा?”

त्याने बोट घालून बघितलं. शिरलं नाही.

“मग हादऱ्यात भिंत पडत कशी नाही?” मेहुणीने विचारलं.

“कसला हादरा?”

“दर वर्षी येतो तो. आज आहे ना!”

“इथं काही येत नाही. माझी भांडी बाराही महिने फळीवरच असतात.” म्हातारीने दोघांना खालून वर न्याहाळलं. “तुम्ही तिकडची का? मग आज बाहेर कशी? या दिवशी तिकडचं कोणी बाहेर दिसत नाही कधी.”

“उशीर झाला आम्हाला,” तो म्हणाला.

“बरं झालं. बसा इथं ओट्यावर. ऊन कललं की होतंच.”

“काय होतं?”

मेंढ्या आत घालून म्हातारीने फाटकाला कडी लावली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. ऊन कललं. दूरवर गावाचा तट, मंडळाचा मनोरा, वर निशाण, सगळं स्वच्छ दिसत होतं. मेहुणी वही उघडून तीच बेरीज चौथ्यांदा करत होती. तो मनोऱ्याकडे बघत होता, म्हणून त्याला आधी दिसलं. तटाखालची जमीन फुगली, मातीचे लोट उठले आणि चार कोपऱ्यांना चार जाड, खवलेदार पाय बाहेर आले. अख्खं गाव, तटासकट, मनोऱ्यासकट, उंबऱ्यासकट, सावकाश वर उचललं गेलं, एक साखळीभर डोंगराकडे आलं आणि पुन्हा खाली बसलं.