तळाचं तापमान

तळ्यात, नऊ मीटर खोल: ३८.४ अंश.

खिडकीत वाळत टाकलेली कपाळावरची पट्टी.

राइट टाउनच्या घरी, बाबांच्या काखेत: ३८.४ अंश.

हवामान बदललं की तळ्याचं पाणी किती तापेल, याचं मॉडेल प्रणोती बनवते. तीन दिवस तळाचा सेन्सर आणि बाबांचा थर्मामीटर एकच आकडा दाखवत होते. तिनं सहकारी गौरांगला फोन लावला.

तो हसला. "दीदी, सेन्सर बिघडला असन."

"मग बाबांनी गोळी घेतली, तेव्हा तो पण उतरला काहून?"

गौरांग सेन्सरच्या नोंदी चाळू लागला.

"काय करून राहिली गं?" आतून बाबा म्हणाले. "चहा टाक. आलं घाल जरा, कंजूस."

"पाच मिनिटं, बाबा."

तिनं मॉडेलकडून तळाचा उद्याचा अंदाज मागवला. दुपारी दोनपर्यंत रेषा सरळ होती. मग ती तासाला एकेक अंश उतरत गेली आणि सव्वीसवर येऊन थांबली.

भिंतीवरचं घड्याळ खोलीचं तापमानही दाखवतं. सव्वीस.

बाबा नऊ वर्षांचे असताना त्याच तळ्यात बुडाले होते. त्यांना बाहेर काढलं ते दुसऱ्या दिवशी, जिवंत.