अठ्ठीची जोडी

पुन्हा मास्तरांनीच आधी वाढवलं.

सहा बटणं पुढे सरकवली आणि तोंड खिडकीकडे करून बसले. पत्ते हातात आले तेव्हा वास घेतल्यासारखे नाकापर्यंत नेले होते, मग पालथे ठेवून दिले. झालं त्यांचं बघून.

शिंपीमास्तरांच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर, दर रविवारी दुपारी हा डाव बसायचा. पोकर. हातात दोन-दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, आधी तीन मग एकेक, ज्याचा मेळ भारी तो जिंकला. पैसे नाहीत, बटणं. मास्तरांच्या डब्यातली, कोटाची, सदऱ्याची, मिळतील ती.

खेळणारे तीन जुने. मास्तर, बेकरीवाल्या मावशी आणि वायरमन. चौथी खुर्ची पोस्टमनची, तो गेल्यापासून रिकामी. त्या खुर्चीवर तिसरा रविवार बसलेला हा लिफ्टवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा. बदली होऊन आला त्याला चार महिने झाले होते. तेवढ्या काळात त्याच्याशी आपणहून बोलणारं माणूस एकच, लिफ्टमधली ती बाई, ‘कृपया दरवाजा बंद करा’ म्हणणारी. रविवारी तर तीही नाही.

वायरमनने त्याला आणलं आणि नियमही सांगितला. तीन रविवार खेळायचं. तिसऱ्या रविवारी बटणं शिल्लक राहिली तर खुर्ची तुझी. संपली तर राम राम.

दुसराही धडा वायरमनचाच. तो म्हणाला होता, "मास्तरांनी पहिलं बोलून वाढवलं, की समजायचं हातात दांडगं आहे. मागे तीन माणसं बोलायची बाकी असताना कोण उगाच वाढवतो? तुझ्याकडे सात, आठ, नऊ असली मधली जोडी असेल तर अंगावर जायचं नाही. स्वस्तात मधले तीन पत्ते बघायचे. त्याच आकड्याचा तिसरा भाऊ आला तर बसायचं, नाही तर उठायचं."

धडा पटण्यासारखाच होता. पण लिफ्टवाल्याला मोजायची खोड. दोन रविवारांत मास्तरांनी पहिलं बोलून अकरा वेळा वाढवलं, आणि अकराही वेळा मावशी आणि वायरमन स्वस्तातसुद्धा न बघता पानं टाकून मोकळे. एकदा मावशींची पानं घसरून उलटी पडली तर दोन नव्व्या. नव्वीची जोडी फेकली बाईने. म्हणजे मास्तरांच्या हातात असतं तरी काय? आजवर कोणी बघितलंच नव्हतं. आठवडाभर माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेच डोक्यात घोळवत होता.

आणखी काही बारीकसारीक त्याच्या नजरेत आलं होतं. मधले पत्ते उघडले की मावशी मोठ्याने वाचायच्या. मास्तर चहाचा पेला आधी हाताने चाचपायचे. शिवणयंत्रावर कापड झाकलेलं असायचं. त्याने विचारलं तेव्हा वायरमन म्हणाला, वय झालं, आणि विषय बदलला.

आता मास्तरांची सहा बटणं पुढे. मावशींनी टाकली पानं, वायरमनने टाकली. लिफ्टवाल्याने हातातले पत्ते वाकवून बघितले. अठ्ठीची जोडी.

त्याने सहा बटणं लावली. वायरमनने भुवई उचलली.

"बदामचा राजा," मावशी वाचू लागल्या. "किलवरची अठ्ठी. चौकटची तिर्री."

तिसरा भाऊ आला होता. लिफ्टवाल्याने श्वास धरून ठेवला आणि चेहरा दगडासारखा केला. मास्तरांनी दहा लावली, त्यानेही दहा. दुर्री आली. मग राणी. मास्तरांनी दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे लोटला.

मास्तरांचा ढीग मोठा. बरोबरी करायची तर लिफ्टवाल्याला होतं नव्हतं ते सगळं लावायला लागणार होतं. पण तीन अठ्ठ्या घेऊन कोण उठतो? त्याने शेवटचं बटणही लावलं. आज बघायचंच होतं.

मास्तरांनी भिंतीकडे बघत आपले पत्ते उलटे केले. "हातात दोन राजे. मधला धरून तीन."

टेबलावर पडली होती एक सत्ती आणि एक चौकी.

मावशींनी पत्त्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हो मास्तर. तीन राजे."

वायरमन लिफ्टवाल्याकडे बघत होता.

त्याला सगळं एकदम उमगलं. ते वाचणं, ते चाचपणं, झाकलेलं यंत्र, फेकलेल्या नव्व्या. अठ्ठ्या उलट्या केल्या की ढीग आपला, खुर्ची आपली. फक्त म्हाताऱ्याला, चार माणसांत, सांगावं लागेल की ते राजे नव्हेत. जन्मभर बारीक टाका घातलेल्या माणसाला.

समोर आठवड्यांमागून आठवडे रिकामे रविवार दिसले. अंगठा पत्त्यांच्या कडेवर तसाच राहिला.

मग त्याने दोन्ही पत्ते पालथेच गठ्ठ्यात सारले.

"हरलो मास्तर. राजांपुढे काय चालणार."

खुर्ची नीट आत सरकवली, मावशींना नमस्कार केला आणि दाराकडे निघाला.

"थांब जरा," मास्तर म्हणाले. "बाहीचं बटण लोंबतंय तुझ्या." ते उठले, फळीवरच्या पन्नास रिळांतून त्याच्या सदऱ्याच्या रंगाचं नेमकं रीळ उचललं, दोरा एका झटक्यात सुईत ओवला आणि त्याचं मनगट हातात घेतलं. "आणि पुढच्या रविवारी कानटोपी घालून ये. अठ्ठी पडली तेव्हा कान लालभडक झाले होते तुझे."