इतिवृत्ताची वही

बैठक सुरू झाली तशी इतिवृत्ताची वही नेहमीप्रमाणे सरकत सरकत मृणाल बनसोडपुढे आली. पूल विभागात आजवर ती एकटीच बाई अभियंता, त्यात अक्षर चांगलं. म्हणून कोण काय म्हणालं ते नऊ वर्षं तीच लिहायची. लिहिण्याच्या नादात तिचं बोलणं राहून जाई. आज राहून चालणार नव्हतं. तिच्या पिशवीत नव्या पुलाच्या तिसऱ्या खांबाखालची माती होती.

नव्या मुख्य अभियंता नाईकवडी मॅडमनी वही उचलली आणि उपअभियंता खरातांपुढे ठेवली.

“मॅडम, माझं अक्षर मलाच वाचता येत नाही,” खरात हसले.

“माझं सुंदर होतं, खरात. तीन वर्षं झटून बिघडवलं, तेव्हा कुठे बोलायला मिळालं. हं, बोला बनसोड.”

मृणालने माती टेबलावर ओतली. “नकाशात खडक दाखवलाय, तिथे हे निघालं.” तिचं बोलणं संपेपर्यंत तिला मध्ये कुणी तोडलं नाही.

संध्याकाळी वही सहीसाठी फिरली. खरातांच्या अक्षरातला पहिलाच ठराव तिला जेमतेम लागला: तिसऱ्या खांबाचा पाया आणखी खोल न्यावा. सूचना, मृणाल बनसोड.

नऊ वर्षांत त्या वहीत सूचनेपुढे तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.